पुढे, पुढे, मान्य

"पण आक्का, गेल्याच गुरुवारी मी हे सगळं काढून टाकलं होतं! पुन्हा आलं कसं?"

आक्का पावटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते तू मला विचारतोस?"

विश्वंभर कऱ्हाडला तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचा. दर गुरुवारी मोटारसायकलवरून नदीकाठच्या या घरी यायचा आणि आक्कांकडे अनुग्रह मागायचा. आक्का म्हणायच्या, "बघू." मग तो त्यांचा कॉम्प्युटर बघायचा. आक्का त्यावर ओव्यांचं निरूपण टाइप करत.

आज पडद्यावर ओवी मागे राहिली होती. तिच्या अंगावर रमीचा डाव आणि केसांच्या तेलाची बाटली नाचत होती.

"सारखं विचारतंय, केस गळतात का म्हणून. गळतात. पण ह्याच्याकडे चहाडी कुणी केली?"

"तुम्हीच नको तिथे काहीतरी दाबलं असणार."

"असेल बाबा."

विश्वंभरने अनोळखी नावांचे प्रोग्रॅम शोधून उपटून काढले. पडदा लख्ख झाला. त्या भानगडीत टायपिंगचं सॉफ्टवेअरही गेलं. ते इंटरनेटवर फुकटच मिळायचं. गेल्या खेपेसारखं त्याने पुन्हा उतरवून घेतलं. पुढे. पुढे. मान्य. पुढे. तबलजीला लाजवेल असं त्याचं बोट माउसवर चाललं.

बाटली परत आली.

"नासलंय हे मशीन!" तो उठलाच. "ते राहू दे, आक्का. सोमवारी मी नागपूरला चाललो, बदली झाली. पुन्हा कधी येणं होईल, देव जाणे. आज तरी नाही म्हणू नका."

आक्कांनी पदराला हात पुसले.

"बस. नियम सांगते. मान्य असेल तर हो म्हण."

विश्वंभरने हात जोडले, डोळे मिटले.

"पहाटे उठून नामस्मरण. रोज."

"हो आक्का."

"ताटातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत."

"हो आक्का."

"मोटारसायकल इथेच ठेवून जायची."

"हो आक्का."

"पाठीमागे कुणाची निंदा नाही."

"हो आक्का."

...

त्याने डोळे उघडले. आक्कांचा तळहात पुढे आला होता. प्रसाद असेल म्हणून तो वाकला. हात रिकामा होता.

"किल्ली."

"कसली?"

"आत्ताच हो म्हणालास की."

विश्वंभर हसला. आक्का हसल्या नाहीत.

दारात मोटारसायकल उभी होती. पाडव्याला घेतलेली; सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग आक्कांच्या हाताकडे. शेवटी खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

आणि आपणहून पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला.

सगळं काढलं. सॉफ्टवेअर पुन्हा घ्यायला घेतलं. 'पुढे'वर बोट गेलं... आणि थांबलं. तो वाचू लागला. खाली, फिकट बारीक अक्षरांत, 'सोबत हेही घ्या' असं लिहिलं होतं. पुढे चार चौकोन. चारही चौकोनांत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली.

त्याने एकेक खूण काढली. तोवर आक्कांचे पावटे सोलून झाले.

पडद्यावर ओवी एकटी उभी राहिली.

"गेलं का रे?"

"आलंच नाही, आक्का."

तो पुन्हा त्यांच्यापुढे येऊन बसला. या वेळी डोळे उघडे होते.

"आता विचारा."

"पहाटे उठून नामस्मरण. रोज."

विश्वंभरने तोंड उघडलं. मिटलं. रोज सकाळी आपण ज्याचा गळा दाबतो तो गजर त्याला आठवला. नागपूरची थंडी आठवली.

...

"आक्का... रोज जमेलच, असं नाही सांगता येत मला."

आक्कांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. मग त्याचा कान धरून आपल्या तोंडाजवळ ओढला.

"आज पहिल्यांदा हो म्हणालास."