धुरपदामायचा न टेकलेला हात

गावाला अजून वेस नव्हती, नदीवर पूल नव्हता आणि तापीच्या खोऱ्यात कापसाच्या दर दोन शेतांमध्ये एक चिंच उभी असायची, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या सासरच्या गावात, सांगवदऱ्यात, धुरपदामाय नावाची हाडवैद्यीण राहत होती.

मला हे सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूने. इतक्या सासवांच्या तोंडून आल्यामुळे थोडं इकडचं तिकडे झालं असेल, आणि राहिलेलं माझ्या हातून होईल. सांभाळून घ्या.

धुरपदामायच्या तळहाताला हाडं ऐकू यायची, असं म्हणतात. मोडल्या जागेवर ती हात ठेवायची, डोळे मिटायची आणि आत काय झालंय ते सांगायची, जसं आपण भिंतीपलीकडचं भांडण ऐकून सांगतो. मग आंबेहळदीचा लेप, बांबूच्या कामट्या आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. पट्टी सुटली की ती एकच शब्द बोलायची, "जुळलं." की माणूस उठून कामाला. तिने बैलाचा पाय बसवला आणि बैल त्याच पावसाळ्यात औताला लागला, असं म्हणतात. वादळात चिरलेल्या लिंबाच्या बुंध्यावर तिने हात ठेवला आणि लिंब पुन्हा फुटला, असंही म्हणतात. लिंबाचं मला जरा जड जातं. पण सासूबाई त्या झाडाची जागा दाखवतात, आणि त्यांच्यापुढे मी काय बोलणार.

सांगायचं इतकंच, की धुरपदामायचा हात सांगेल ते गावात खरं असायचं.

त्या गावात सुंदरा नावाची एक सून होती. तिला पाच महिन्यांची मुलगी होती. फाल्गुनात चिंचा झोडताना सुंदरा फांदीवरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. धुरपदामायने ते बसवलं. दीड महिन्याने पट्टी सोडली, मनगटावर हात ठेवला, डोळे मिटले. हाड उसाच्या कांड्यासारखं सरळ जुळलं होतं.

"जुळलं," धुरपदामाय म्हणाली.

"माय, पण जळतंय," सुंदरा म्हणाली. "मोडलं होतं तेव्हा एवढं नव्हतं. आता पदर लागला तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. वारासुद्धा सोसत नाही."

धुरपदामायने पुन्हा हात ठेवला. हाड जुळलेलंच होतं. चाळीस वर्षांत तिचा हात चुकला नव्हता. ओट्यावर दहा-बारा बाया बसल्या होत्या, सगळ्यांचे कान इकडे. मग ती असं काही बोलली, जे तिला हाताने सांगितलं नव्हतं.

"हातात काही नाही, पोरी. दुखणं तुझ्या मनात आहे. काढून टाक."

ते वाक्य सुंदरा घरी पोचायच्या आधी तिच्या घरी पोचलं.

तिची सासू चिमाबाई. कामाला वाघीण, तोंडाला त्याहून. "ऐकलं का?" ती जाता-येता म्हणायची, "महाराणीचं दुखणं मनात आहे म्हणे. भाकरी थापायची म्हटलं की मन दुखतं, जेवताना बरं नाही दुखत." जेवताना सुंदरा डाव्या हाताने जेवायची, पण ते कोण बघतं. नवरा हिरामण आधी गप्प होता, मग तोही म्हणायला लागला, "मायने सांगितलं ना, काही नाही म्हणून?" सुंदराला मुलगी उचलता येईना. एकदा उचलायला गेली आणि बाळ हातातून निसटलं. खाली गोधडी होती, म्हणून वाचलं.

(इथे माझी लेक दरवेळी विचारते, "बाळाला लागलं का?" नाही लागलं. मी दोनदा विचारून खात्री केली आहे.)

त्या दिवशी चिमाबाईने ठरवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. सुंदरालाही भाऊ न्यायला येईल. तिने जावं, आणि परत आणायला कोणी जायचं नाही. हिरामणला दुसरी बघू. मुलगी मात्र इथेच राहील.

"आणि दूध?" सुंदराने विचारलं.

"शेळी आहे घरात," चिमाबाई म्हणाली.

आखाजीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, धुरपदामाय नदीकाठाने येत होती. करंजाच्या झाडाखाली तिला सुंदरा दिसली. एकटीच होती. उजवा हात पाण्यात सोडून बसली होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. सोंग करायचं तर कोणापुढे करणार? तेवढ्यात झाडावरून एक वाळकं पान गळालं आणि मनगटावर पडलं. सुंदराच्या तोंडून आवाजही फुटला नाही. ती फक्त आडवी झाली, पोटाशी पाय घेऊन, बाळंतवेणा सोसणाऱ्या बाईसारखी.

धुरपदामाय जागची हलली नाही, असं म्हणतात. पाण्यात तिची सावली पडली होती आणि त्या सावलीचे केस तेवढ्या वेळात पांढरे झाले, असं म्हणतात.

मग ती खाली उतरली, सुंदराच्या शेजारी वाळूत बसली. तिने हात पुढे केला, पण टेकवला नाही. बोटभर अंतरावर धरला. आणि तिथे, हवेतच, तिला चुलीसारखी धग लागली. मग तिने डोळे उघडे ठेवून पाहिलं. उजवा हात तांबडा, चकचकीत, सुजलेला. घाम फक्त त्याच तळव्याला. डावा गार आणि सावळा. पट्टी सोडली तेव्हाही हे असंच असणार. पण तेव्हा तिने डोळे मिटले होते.

"मी हाडाला विचारलं," ती म्हणाली, "तुला नाही विचारलं. किती दिवस झाले, बाई?"

आणि सुंदरा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईच्या दारात गाडी जुंपलेली, भाऊ मान खाली घालून उभा, बाळ चिमाबाईच्या कडेवर. लिंबावर झोके बांधलेले, पण गाणी थांबली होती. सगळं गाव दारात. धुरपदामाय गर्दीतून पुढे आली.

"चिमा, हाड जुळलं हे खरं. त्यापुढचं मी माझ्या पदरचं बोलले. माझं चुकलं. पोरीला दुखतंय."

चिमाबाई हसली. "आज चुकलं म्हणतेस? मग माझ्या पोराची मांडी बसवलीस तेव्हा काय केलं होतंस? आमच्या बैलाचं? उद्या तुझ्या दारात कोण पाय ठेवील, धुरपदा?"

"नका ठेवू," धुरपदामाय म्हणाली. "पण त्या लेकराला आईकडे दे. दोघींना दिवाळीपर्यंत मी नेते. तोवर दुसरी सून आणायची नाही."

हिरामणनेच बाळ चिमाबाईच्या कडेवरून काढून घेतलं, धुरपदामायकडे दिलं. त्याच्याबद्दल गोष्टीत याउपर काही चांगलं सांगत नाहीत, पण एवढं सांगतात.

पहिले काही दिवस धुरपदामायने काहीच केलं नाही. रोज सकाळी शेजारी बसायची, बोटभर अंतरावर हात धरायची आणि विचारायची, आज कुठवर आहे? सुंदरा सांगायची. रस्त्याने चिमाबाईचा आवाज आला की जळजळ कोपरापर्यंत चढायची. बाळ खुदकन हसलं की बोटांपर्यंत उतरायची. एकटी राहिली की वाढायची, भीती वाटली की वाढायची. पण हसल्याने विझायची नाही. धुरपदामायने तिला सांगितलं, "निखारा खरा आहे. तो तू पेटवला नाहीस. वारा लागला की तो फुलतो, एवढंच. वारा अडवणं आपल्या हातात आहे, तेवढं करू."

मग तिने कापसाचा एक तंतू मनगटावर टेकवला, एक श्वास होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोन श्वास. मग कापसाचं बोंड, मग लुगड्याचं धुतलेलं धडपं, मग पदर, मग ज्वारीच्या दाण्यांत हात बुडवायचा. एखाद्या दिवशी चार पावलं मागे यायला लागायचं. सुंदरा चिडायची, दाणे उधळायची. धुरपदामाय गोळा करायची. तिच्या दारात त्या दिवसांत खरंच कोणी आलं नाही. आणि तिच्या हाताला हाडं ऐकू येणं बंद झालं, ते कायमचं. त्याऐवजी समोरचा माणूस उंबऱ्यात आला, की त्याचं कुठे दुखतंय ते तिच्या तळहाताला लागायचं, असं म्हणतात.

दिवाळीत सुंदराने मुलीला उजव्या हाताने उचललं. दुखत नव्हतं असं नाही. दुखत होतं आणि तिने उचललं. ती घरी परतली. पुढेही थंडीत तो हात जळायचा, म्हातारपणापर्यंत जळला. पण "मनात आहे" हे शब्द तिला त्या गावात पुन्हा कोणी म्हटले नाहीत.

हळूहळू धुरपदामायच्या दारात माणसं यायला लागली. पाठीची, डोक्याची, भरून आल्या तरी दुखणाऱ्या जखमांची. ज्यांना सगळ्यांनी "काही नाही" म्हणून परत पाठवलं होतं, ती. धुरपदामाय वारली त्या सकाळी आसपासच्या सात गावांत कोणाचंच काही दुखलं नाही, असं म्हणतात. म्हातारे उकिडवे बसले, बाया वाकून उठल्या. लोक घाबरून एकमेकांकडे बघत राहिले. दुपारी बातमी आली, आणि सगळ्यांचं पुन्हा सुरू झालं.

तिचं देऊळ नाही. सांगवदऱ्यात आखाजीला माहेरी आलेल्या लेकी तिच्या ओट्यावर जातात. जिचं बरेच दिवस काही दुखतंय, ती बसते. लोक येतात, दुखऱ्या जागेवर बोटभर अंतरावर हात धरतात आणि विचारतात, किती दिवस झाले, बाई? ती सांगेपर्यंत हात काढायचा नाही. उपाय सांगायचा नाही. आपल्या मावशीचं असंच होतं, हेही सांगायचं नाही, आणि हे शेवटचं लोकांना फार अवघड जातं. पहिला हात गावातल्या सगळ्यांत वडील सासूने धरायचा.

गेल्या वर्षी तो मान काशाबाईंचा होता. त्या हात उचलायला लागल्या, पण तो खांद्यापर्यंतही जाईना. ओठ दाबून पुन्हा प्रयत्न केला. ओट्यावर बसलेली पोर उठली, काशाबाईंना दंडाला न धरता सावकाश आपल्या जागी बसवलं आणि त्यांच्या खांद्यापासून बोटभर दूर आपला हात धरला.

"किती दिवस झाले, आजी?"

काशाबाईंनी बराच वेळ बोटांवर मोजलं. "अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलंच नाही गं."