कासवीण आणि सरकारी ऊब

मुलांनो, नीट बसा आणि ऐका. जंगलातल्या एका नदीकाठी एक म्हातारी कासवीण राहत असे. दरवर्षी ती वाळूत खड्डा करी, अंडी घाली आणि वर वाळू ओढी. पुढचं काम ऊन करी. तेव्हा सांबर राज्य करीत होतं आणि वाळू सगळ्यांना मोकळी होती.

मग सांबराला हाकलून अस्वल गादीवर आलं. आल्या आल्या त्याने फर्मान काढलं, "ऊन हे त्या सांबराचं खूळ! आपल्या राज्यात अंडी उबतील ती माझ्या गुहेतल्या पाल्याच्या ढिगात. बदल्यात मासे आणायचे." बाकीच्या कासविणी घाबरून गुहेत गेल्या. ही वाळूतच राहिली. तिच्या अंड्यांवरचं ऊन अडवायला कोल्हा फांद्या घेऊन आला. कालपर्यंत हाच सूर्याला वाकून नमस्कार करायचा!

"आजी, बाजूला व्हा. की तुम्ही अजून सांबराच्याच पक्षाच्या?"

"मी माझ्या अंड्यांच्या पक्षाची! टाक तू फांदी, मी ओढून फेकते. आणि तुझ्या राजाला सांग, आधी सूर्य विझव, मग माझ्याकडे ये."

कोल्हा फांदी टाकी, कासवीण ती तोंडात धरून नदीत सोडी. शेवटी कोल्ह्याचाच जबडा दुखला आणि तो निघून गेला. तिकडे पाल्याचा ढीग आतून कुजून तापला आणि गुहेतली अंडी नासली. संतापलेल्या कासविणींनी मासे देणं बंद केलं. उपाशी अस्वल डोंगरापलीकडे चालतं झालं.

सांबर परत आलं. मागे तोच कोल्हा, जयजयकार करीत! "पाहिलंत? ऊन आमचंच," सांबर म्हणालं. "आता या वाळूवर आमच्या खुराचा शिक्का उठलाच पाहिजे." आणि त्याने नेमका अंड्यांवर पाय उचलला. कासविणीने तो पाय जबड्यात घट्ट धरला.

"अहो, मी तर तुमच्याच बाजूने!" सांबर कळवळलं.

पाय सोडून ती गरजली, "असशील राजा तुझ्या घरी! फांदी टाकणारा आणि खूर आपटणारा, मला दोघे सारखेच. हट मागे!"

सांबर लंगडत मागे सरलं. त्याच दुपारी वाळू हलली आणि एका इवल्याशा पिल्लाने उन्हात डोकं बाहेर काढलं.

तात्पर्य : ऊन कुठल्याच राजाच्या पक्षाचं नसतं. ते झाकणाऱ्याला हटवा आणि त्यावर आपला शिक्का मारणाऱ्यालाही हटवा, मग तो तुमच्या बाजूचा का असेना!