भिंतीवरचा लंगडा माणूस

एका गावात एक भिंत होती. ती मुलांची होती.

भिंत चावडीच्या पडवीत होती, त्यामुळे पावसाने भिजत नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलं ती पांढऱ्या मातीने सारवायची आणि पोळ्याच्या सकाळी तिच्यावर गेरूने चित्रं काढायची. जे काढलं ते वर्षभर राहायचं. नियम एकच होता. मोठ्या माणसाचा हात त्या भिंतीला लागता कामा नये.

गावाला या नियमाचा गर्व होता. दसऱ्यानंतर सुभेदार गाव तपासायला यायचा, तेव्हा त्याला सगळ्यात आधी भिंत दाखवायचे. फार वर्षांपूर्वी एका मुलाने तळ दिसणारी विहीर काढली होती. ते चित्र बघून त्या वेळच्या सुभेदाराने विहीर खोल करून दिली होती. ही गोष्ट गावातला प्रत्येक माणूस पाहुण्याला सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "आमची पोरं खोटं काढत नाहीत."

त्या गावचा पाटील नवं घर बांधत होता. दगड खाणीतून आणायचे होते. पाटलाचा एक लाडका बैल होता, त्याचं नाव हौशा. पहिल्याच आठवड्यात हौशाचा खांदा सुजला. पाटील हळहळला. त्याने बैल गोठ्यात बांधला आणि गावाला सांगितलं, "चार दिवस घरटी एक माणूस द्या. मुकं जनावर आहे. माणसाला निदान बोलता येतं."

माणसं आली. त्यांनी जू खांद्यावर घेतलं आणि दगडांची गाडी ओढली. चार दिवसांची दोन वर्षं झाली. हौशाचा खांदा केव्हाच बरा झाला होता, तरी दर मंगळवारी आणि शनिवारी माणसंच गाडी ओढत होती. बोलता येणारं कोणी काही बोललं नाही.

त्यांच्यात एक विणकर होता. डाव्या पायाने लंगडा. त्याला येसू नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. बापाची गाडी ओढायची पाळी असेल त्या दिवशी ती खाणीवर त्याची भाकरी घेऊन जायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात. गरम पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." येसू पाटलाच्या गोठ्यात हौशाचे खांदे मळताना बघून घरी आली. घरी आई बापाच्या खांद्याला हळद लावत होती. खांद्यावर मुठीएवढा घट्टा पडला होता आणि कडेने सोललं होतं.

हळद लावून झाल्यावर आई नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"येईन की," विणकर म्हणाला. "पुरणपोळी बैलाला, आणि मला काय?"

"तुम्हाला झूल शिवते."

दोघंही हसली. येसू हसली नाही. ती खांद्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंतीवर चित्र काढलं. गाडीत हौशा बसला होता, शिंगांना गोंडे, अंगावर झूल. जुवाला दोन माणसं होती. एकाचा एक पाय आखूड होता आणि दुसऱ्याचं पोट मोठं होतं. मागून एक मिशीवाला गाडी ढकलत होता.

माणसं जमली. न्हावी हसायला लागला.

"हे पोट माझं," तो म्हणाला. "पोरीने मुळीच लपवलं नाही."

"मिशी माझी," सुतार म्हणाला. "पण जू चुकलं, बाई. जुवाच्या खुंट्या कुठायत? असं जू मी करून दिलं तर लोक मला मारतील."

"तू ढकल. खुंट्या मी बघतो," न्हावी म्हणाला.

खूप दिवसांनी ती माणसं मोकळी हसत होती. विणकर मागे उभा होता. जो येईल त्याला तो सांगत होता, "माझी लेक आहे."

गावातली एक म्हातारी म्हणाली, "दसरा झाला की सुभेदार येईल. हे बघेल. सुटलात रे पोरांनो."

तेवढ्यात हौशाला सजवून पाटील चावडीपाशी आला. पोळ्याचा पहिला मान हौशाचा. लोक बाजूला झाले आणि पाटलाला चित्र दिसलं.

म्हातारीचं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"बैल चांगला काढलाय," तो म्हणाला. "कोणी काढला?"

"मी," येसू म्हणाली.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. भाकरी घेऊन जाते तेव्हा बघते."

"नऊ वर्षांच्या डोक्यात हे येत नाही. कोणीतरी शिकवलंय."

म्हातारी म्हणाली, "पाटील, गेल्या वर्षी एका पोराने चित्रात तुम्हाला हत्तीवर बसवलं होतं. गावात हत्ती नाही. तेव्हा तुम्ही गूळ दिला. कोणी शिकवलं ते विचारलं नाही."

"गप बस, म्हातारे," सुतार हळूच म्हणाला. हाच सुतार घटकेपूर्वी हसत होता.

पाटील रागावला नाही. तो चावडीच्या पायरीवर बसला. "नियम मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी भिंतीला हात लावणार नाही. चित्र खरं असेल तर राहू दे. सुभेदारही बघू देत. फक्त यातल्या माणसांनी पुढे यावं आणि सांगावं, हा मी आहे. एकाने सांगितलं तरी पुरे."

कोणी हललं नाही.

"हे पोट कोणाचं?" पाटलाने विचारलं.

"पोट काय, कोणाचंही असतं," न्हावी म्हणाला आणि आपली नखं बघू लागला.

"मिशी?"

"जूच चुकलंय, पाटील," सुतार म्हणाला. "असं जू मी केलेलं नाही. गाडी आपल्या गावची नसावी."

पाटलाने विणकराकडे बघितलं. "हा पुढचा लंगडा आहे. तुझ्यासारखा."

विणकर खाली बघत म्हणाला, "लंगडे पुष्कळ असतात, पाटील."

"या गावात?"

"बाहेरगावचा असेल."

येसूने बापाकडे वळून बघितलं. तिला वाटलं आबा विसरले. आठवण करून द्यावी म्हणून ती म्हणाली, "आबा, खांदा दाखवा."

विणकराच्या अंगावर उपरणं होतं. तेवढं बाजूला करायचं होतं. हळद अजून खांद्यावर होती. सगळं गाव बघत होतं, आणि दोन वर्षं जू वाहिलेल्या खांद्याला उपरण्याचं ओझं झालं. त्याने ते ओढून गळ्यापर्यंत घट्ट केलं.

"पोर आहे," तो म्हणाला. "स्वप्नात काहीतरी बघितलं असेल."

"मग खोटं चित्र सुभेदारांना दाखवायचं?" पाटील म्हणाला. "गावाची अब्रू काय राहील?"

विणकराने मुलीचं मनगट धरलं. तिचा हात चावडीवरच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि भिंतीवर ठेवला. वर धरून, खाली धरून घासला. आधी लंगडा माणूस गेला, मग पोट गेलं, मग मिशी, मग गाडी. हौशा शेवटी गेला. येसूचा हात कोपरापर्यंत लाल झाला.

विणकराने मनगट सोडलं नाही, पण स्वतःचं बोट भिंतीला लागू दिलं नाही. मोठ्या माणसाचा हात लागला नाही. नियम पाळला गेला, असं गावातले लोक संध्याकाळी एकमेकांना सांगत होते.

येसू रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आबा, तो तुम्ही नव्हता?"

"नव्हतो," विणकर म्हणाला. पाटलाला ऐकू जाईल असं म्हणाला.

त्या रात्री बायकोने हळदीची वाटी त्याच्यासमोर ठेवली. "तुम्हीच लावा," ती म्हणाली. "खांदा तुमचा नाही म्हणालात. परक्या माणसाला मी कशी हात लावू?"

दसऱ्यानंतर सुभेदार आला. भिंतीवर बैलांची रांग होती आणि मधे एक लाल डाग. "हे काय?" त्याने विचारलं. पाटील म्हणाला, "पोरांच्या हातून पाणी सांडलं." सगळ्यांनी मान हलवली. सुभेदार गेला.

पाटलाचं घर पूर्ण झालं. मग गोठ्याला दगड लागला. मग गोठ्याभोवती कुंपणाला. आठवड्याच्या दोन पाळ्यांच्या चार झाल्या. गाव बोलत नाही हे पाटलाला आता पक्कं कळलं होतं.

पावसाळ्यात विणकराचा डावा खांदा फुटला. जखम भरली, पण हात वर होईना. मागावर सुताचा धोटा फेकता येईना. माग बंद पडला. तरीही गाडीची पाळी सुटली नाही, कारण जुवाला हात लागत नाही, खांदा लागतो, आणि उजवा खांदा अजून शाबूत होता.

पुन्हा पोळा आला. येसूने भिंतीवर हौशा काढला. सुरेख काढला, झुलीवरची नक्षीसुद्धा. त्याच्या पाठीवर पाटील बसला होता आणि हसत होता. पाटलाने तिला गुळाचा खडा दिला. कोणी शिकवलं, असं विचारलं नाही. येसूने तो गूळ खाल्ला नाही. घरी आणून बापाच्या ताटात ठेवला.

दसरा झाला. सुभेदार यायच्या दिवशी विणकराने मनाशी ठरवलं. आज खांदा दाखवायचा. तो सगळ्यात आधी चावडीवर जाऊन उभा राहिला. सुभेदार आला, पण त्याच्या शेजारी पाटील होता. पाटलाने विणकराकडे नुसतं बघितलं. विणकराचं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

सुभेदार भिंतीसमोर उभा राहिला. "सुंदर," तो म्हणाला. मग जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने मुलांना विचारलं, "पोरांनो, तुमच्या गावात जे आहे ते सगळं काढलंत ना? की काही राहिलं?"

विणकराने चांगल्या हाताने येसूला पुढे केलं. "सांग, येसू," तो कुजबुजला. "माझा खांदा सांग. गाडी सांग. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तू बघितलंयस."

सुभेदार वाकला. "काय गं? काही राहिलं काढायचं?"

येसूने भिंतीकडे बघितलं. पाटलाकडे बघितलं. शेवटी बापाकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "सगळं काढलंय."

"येसू," विणकर म्हणाला. "अगं, लंगडा माणूस."

तिच्या आवाजात राग नव्हता. शिकवलेला धडा म्हणावा तशी ती म्हणाली, "लंगडे पुष्कळ असतात, आबा. बाहेरगावचा असेल."

सुभेदाराने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घोड्यावर बसला. मंगळवार होता. तो वेशीबाहेर गेल्यावर न्हाव्याने जू उचललं आणि विणकराची वाट बघत उभा राहिला.

ती भिंत अजून आहे. नियमही तसाच पाळतात. बैल फार सुंदर काढतात तिथली मुलं.

तात्पर्य: ज्याने आपल्या लेकराच्या हाताने खरं पुसून घेतलं, त्याने पुढे त्याच लेकराच्या तोंडून खरं ऐकायची आशा धरू नये.