खालच्या अंगाचे डबके

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठी, रानडुकरांचा एक कळप राहत असे. कळपात काही माद्या, त्यांची पिल्ले, आणि सर्वांत वडील एक म्हातारी डुकरीण. तिचा मान मोठा. उन्हाळ्यात ओढा आटून चिखलाचे एकच मोठे डबके उरले, की त्यात आधी ती लोळे. ती उठली की तिच्या अंगाने पडलेल्या खळग्यात कळपातले सर्वांत लहान पिल्लू बसवीत. आजीचे आयुष्य पिल्लाला लाभते, अशी त्यांची समजूत होती. एक नियम मात्र कडक होता : जो खोकेल त्याला टेकडीपलीकडे हाकलायचे. गेल्या वर्षी म्हातारीने स्वतःच्या मुलालाच हाकलले होते. तो परत आला नाही.

या उन्हाळ्यात तिलाच खोकला लागला. आपण माणसे ज्याला क्षय म्हणतो, तो हा आजार. उबळ आली की ती नाक चिखलात खुपसे. पाठीवरच्या गोचिडी टिपणारा बगळा एकदा म्हणाला, "आजी, हल्ली तुझ्या पाठीवर बसलं की वादळातल्या फांदीवर बसल्यासारखं वाटतं!"

"गप रे मेल्या, कंद अडकलाय घशात," म्हातारी म्हणाली.

"महिनाभर एकच कंद?" असे म्हणून बगळा उडून गेला. टेकडीपलीकडे एकटीने मरायचे, या भीतीने म्हातारी खोकला लपवीत राहिली.

मग एका सकाळी तिची धाकटी नात कळपाच्या मागे पडू लागली. रोज आजीच्या खळग्यात बसणारी तीच. चालता चालता ती थांबली आणि खोकली.

"कुणाचं गं हे पिल्लू?" एक दांडगी डुकरीण गुरकावली. "नियम ठाऊक आहे ना?"

"माती गेली हो तिच्या नाकात, दुसरं काही नाही," पिल्लाची आई आडवी येत म्हणाली.

म्हातारी पुढे झाली. "माती नाही. खोकला माझा आहे. मी लपवला, आणि ती माझ्या चिखलात बसली. हाकलायचं तर आधी मला हाकला."

"वा! पोटच्या पोराला हाकललंस तेव्हा कुठे गेली होती ही माया?" दांडगीने विचारले.

"चुकलं माझं," म्हातारी हळूच म्हणाली. "वाटलं, तो गेला म्हणजे रोग गेला. पण त्यानंही तीन महिने लपवलाच होता. मी हाकलीन म्हणून. तोवर रोग याच चिखलात मुरला."

दांडगीने मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "ओढ्याच्या खालच्या अंगाला झिरपून साचलेलं लहान डबकं आहे. तिथलं पाणी वर येत नाही. तुम्ही दोघी तिथे राहा. कंद आम्ही काठावर ठेवून जाऊ."

तसेच झाले. कळपाने जुने डबके सोडले आणि वरच्या अंगाला नवे उकरले. खळग्यात पिल्लू बसवायची रीत मोडली. रोज संध्याकाळी पिल्लाची आई कंद ठेवून दूर उभी राही आणि तिथूनच लेकीशी बोले. पिल्लू वाचले नाही; पण ते गेले तेव्हा आजीच्या कुशीत होते, आणि आईचा आवाज त्याला ऐकू येत होता.

काही दिवसांनी दांडगीचा मुलगा खालच्या डबक्याकडे आला. जरा लांबच थांबून म्हणाला, "आजी, मला आज सकाळपासून खोकला येतोय."

"आज सकाळपासून?" म्हातारीने विचारले. तिचे डोळे भरून आले. "शहाणा रे माझा. ये. भिऊ नकोस, संध्याकाळी तुझी आई येईल."

तात्पर्य : खोकणाऱ्याला हाकलले, की पुढचा खोकणारा खोकला लपवतो, आणि लपवलेला आजार साऱ्यांत पसरतो. आजारी असलेल्याला वेगळे ठेवावे, पण टाकून देऊ नये.