शेंदराखालचा ताप

सह्याद्रीच्या उतारावर चिरवंडे नावाचे लहानसे गाव आहे. वर दाट रान, खाली पोफळीच्या बागा. त्या उन्हाळ्यात श्रीभानुनाथ महाराज तिथे ओढ्याकाठच्या मठीत मुक्कामाला होते. गावात साळू नावाची एक विधवा होती. मारुतीचे अंगण रोज झाडायचे आणि शनिवारी उपवास करून देवाला तेल न्यायचे, एवढेच तिचे व्रत.

एका सकाळी रानाच्या वाटेवर तिला मेलेला वानर दिसला. हनुमंताचेच रूप ते. त्याला मांडीवर घ्यायला ती वाकली, तोच मागून महाराज म्हणाले, "साळू, हात लावू नकोस."

"असा उघड्यावर कसा टाकू, महाराज?"

"टाकू नकोस. पण त्याच्या कानामागे बघ, गोचिडी किती दाटल्यात. देह थंड झाला की त्या ऊब शोधत निघतात आणि माणसाला ताप देतात. आहे तिथेच अग्नी दे, दुरून."

साळूने लांब बांबूने पालापाचोळा त्याच्यावर लोटला, गोवऱ्या टाकल्या, अग्नी दिला आणि दुरूनच हात जोडले.

गावचे खोत अंताजी यांना हे कळले. चारचौघांत ते तिला म्हणाले, "देवाला बांबूने ढोसलंस आणि वर शनिवार करतेस? तुझ्या महाराजांना गोचिडीचं भय, ते हनुमंताचं काय सांगणार! आजपासून देवळाची पायरी चढायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून साळू देवळाबाहेरची वाट झाडू लागली. शनिवारी तेलाची वाटी घेऊन वडाखाली बसली आणि तशीच घरी परतली. त्या दिवशी मात्र तिला रडू आवरले नाही.

पुढे खोतांच्या बागेत दुसरा वानर मेला. "खांद्यावर घेऊ नका," असा महाराजांचा निरोप आला. खोत हसले. वानराला फुलांच्या तिरडीवर निजवून, टाळमृदंगाच्या गजरात त्यांनी स्वतः पहिला खांदा दिला.

आठव्या दिवशी त्यांना ताप भरला. डोके घणाचे घाव बसल्यासारखे ठणके, डोळे लालभडक, पोटऱ्या पिळवटून निघत. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागले. रानालगतच्या गावांत त्या साली असेच चालले होते. आधी वानर पडत, मग माणसे. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा खोतीणबाई अनवाणी मठीत आल्या.

महाराजांनी साळूला बोलावले. "तुझे शनिवार किती झाले गं?"

"मोजले नाहीत, महाराज."

"मग देता येतील. खोतांना देशील?"

साळूने खोतीणबाईंच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिले. "दिले," ती म्हणाली. "पण उद्या शनिवार आहे. तेल कुठे नेऊ?"

"देवळातच ने. अडवणारा अंथरुणावर आहे."

सकाळी तिने उंबऱ्यावरून गुरवाच्या हाती वाटी दिली. त्याने मूर्तीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "साळूबाई, दगड तापलाय! तापातल्या माणसाच्या अंगासारखा!" वडाच्या गर्द सावलीतले देऊळ ते, उन्हाची तिरीपही तिथे पोचत नसे. शेंदरातून घामाचे थेंब ओघळत होते. साळूने उंबऱ्यावर डोके टेकले.

त्याच वेळी खोतांना दरदरून घाम सुटला. डोळे उघडून ते बायकोला म्हणाले, "थोडी पेज दे."

पंधरा दिवसांनी ते काठी टेकत मठीत आले आणि महाराजांच्या पायांवर पडले. महाराज म्हणाले, "ताप देवाने घेतला, पुण्य साळूचे गेले. मी नुसता निरोप्या."

त्याच आठवड्यात खोतांच्या विहिरीपाशी तिसरा वानर सापडला. तेव्हा साळू देवळाचे अंगण झाडत होती. खोत पायरीखालीच थांबले, डोक्यावरचे पागोटे उतरवले.

"साळूबाई, तो बांबू मला द्या. कसं करायचं तेवढं सांगा."

तिने सांगितले तसे त्यांनी केले. अग्नी पेटल्यावर त्यांनी वानराला दुरून नमस्कार केला. मग साळूजवळ आले आणि तिच्या पायांशी वाकले.