चिंचेवरची प्रार्थना

फार वर्षांमागं वसईकडच्या एका चर्चच्या मनोऱ्यात रोझा आणि मोनी या साळुंक्या शेजारी राहायच्या. रोज सांजेला दोघी मिळून प्रार्थना म्हणायच्या. एका वादळात रोझाची पिल्लं गेली. "येशूला किती हाका मारल्या, त्यानं ऐकलं नाही," म्हणून ती दूर चिंचेवर राहायला गेली.

मोनीला करमेना. ती रोज दाणे घेऊन जायची, नुसती शेजारी बसायची. शेवटी रोझानंच चिडून विचारलं, "परत चल, असं का म्हणत नाहीस?"

"तुझं दुःख मला पुरतं कुठं कळतंय? प्रार्थनेत तुझं नाव तेवढं घेते."

सांज झाली, तशी मोनी निघाली.

"थांब," रोझा म्हणाली, "आज इथंच म्हण. मी ऐकते."