तोरणांचा उन्हाळा

"...मग आता शिकायचं राहिलंय तरी काय, आक्का?"

शैलजा नेसरीकरनं हे विचारलं तेव्हा शिवाक्का मिरचीच्या रोपांना पाणी घालत होत्या. तांब्यानं, एकेका बुंध्याशी. प्रश्न ऐकला, पण हात थांबला नाही.

गडहिंग्लजबाहेरच्या लहानशा मठाच्या मागं शिवाक्कांची एक खोली आणि चार वाफे. शैलजा लग्न होऊन या गावात आली, तेव्हा साखरांब्याचा पाक कसा ओळखायचा हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. शैलजाच्या परसातल्या लिंबांचं गोड लोणचं प्रदर्शनात तीनदा पहिलं आलं होतं. दर उन्हाळ्यात ती आणि तिचे यजमान विरूपाक्ष जुनी गाडी घेऊन निघायचे. आजरा, आंबोली, खाली सावंतवाडी, पार वेंगुर्ल्यापर्यंत. येताना मागची सीट फळांनी भरलेली. मे संपेपर्यंत सगळा उन्हाळा बरण्यांत बंद.

"कोकमं झाली, फणस झाला, करवंदं, जांभळं... मी टिकवलं नाही असं एक फळ दाखवा."

शिवाक्कांनी तांब्या खाली ठेवला.

"तोरणं?"

शैलजा हसली. रानाच्या कडेला काटेरी जाळीत लागणारी ती पांढरी, मोत्याएवढी फळं. बोट जरा जोरात लागलं तर फुटतात. ती कोण बरणीत घालतं?

"घालून आण. झाकण काढल्यावर जाळीपाशी लागते तीच चव लागली पाहिजे."

"आणली तर?"

"तर तुला शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही."

पुढच्याच रविवारी गाडी निघाली.

आंबोलीच्या अलीकडं एक बाई पानांच्या द्रोणात तोरणं घेऊन बसली होती. शैलजानं सगळे द्रोण घेतले, तिथंच उभ्या उभ्या फळं साखरेत घातली, बरणी मांडीवर घेतली.

"हिरण्यकेशी नदीपाशी थांबू या का जरा?" विरूपाक्ष म्हणाले. "गार सावली आहे."

"अहो, फळं नासतील. चला."

घरी पोचेपर्यंत बरणीत पांढरा लगदा झाला होता.

दुसऱ्या खेपेला तिनं मिठाचं पाणी केलं, बर्फाचा डबा घेतला. वाटेत विरूपाक्षांनी गाडीचा वेग कमी केला. दरी धुक्यासारख्या उन्हात बुडाली होती. डोंगर जमिनीवर टेकलेत की अधांतरी आहेत, कळत नव्हतं.

"बघ तरी..."

"बर्फ वितळतोय."

या वेळी फळं शाबूत राहिली. शिवाक्कांनी एक जिभेवर ठेवलं. बराच वेळ चघळलं.

"मीठ चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

शैलजा पाय आपटतच घरी आली.

तिसरी खेप मेच्या अखेरची. तोरणं संपत आली होती, एकच द्रोण मिळाला. परतताना आजऱ्याच्या अलीकडं गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. विरूपाक्षांनी गाडी कडेला घेतली.

"तापलीय. तासभर तरी लागेल निवायला."

"तासभर? अहो, मग ही फळं..."

विरूपाक्ष खाली उतरले. रस्त्याखालच्या जांभळीच्या सावलीत जाऊन बसले. शैलजा थोडा वेळ गाडीपाशी उभी राहिली. रस्ता रिकामा होता. लांबवर हवा पाण्यासारखी हलत होती. कुठूनतरी कोकीळ ओरडत होता, थांबत होता, पुन्हा ओरडत होता. शेवटी तीही द्रोण घेऊन शेजारी बसली.

"शैला, त्या समोरच्या डोंगरावर झाडं किती आहेत गं?"

"का?"

"मला नुसता हिरवा पट्टा दिसतोय."

तिनं वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"डावा डोळा गेल्यातच जमा आहे," ते सावकाश म्हणाले. "उजव्यानं रस्ता दिसतो, पण लांबचं पुसत चाललंय. डॉक्टर म्हणाले, पावसाळा लागला की गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या."

"हे कधी म्हणाले?"

"पाडव्याच्या आसपास."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"वाटेत थांबून निवांत सांगावं म्हणत होतो." ते जरासे हसले. "पण तुझी फळं नासली असती."

शैलजानं द्रोण उघडला, एक तोरण उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग एक स्वतःच्या तोंडात टाकलं. गोडसर, दुधासारखं, आणि मध्येच थोडं तुरट...

"सात आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"झाडं. सात. एक वाकडं आहे. त्याच्या खाली बहुतेक म्हशी बसल्यात."

"म्हशी?"

"नाही हो... दगड आहेत."

दोघंही हसले. मग तिनं दरीचं सांगितलं, दरीतल्या लाल पायवाटेचं सांगितलं, वर फिरणाऱ्या घारीचं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. सांगता सांगता एकेक तोरण कमी होत गेलं. द्रोण कधी रिकामा झाला, इंजिन कधी निवलं, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

गाडी सावकाश गडहिंग्लजला आली. शैलजा मठापाशी उतरली.

शिवाक्का वाफ्याच्या बांधावर बसल्या होत्या. तिचे रिकामे हात त्यांनी पाहिले.

"मिळाली नाहीत?"

"मिळाली. खाल्ली आम्ही."

"चव?"

शैलजा बांधावर त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांना विरूपाक्षांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. जांभळीखालचा तो तासही सांगितला. बोलून झाल्यावर पदरानं चेहरा पुसला.

"आक्का, लोणचीबिणची राहू देत. पण हे... हे कसं टिकवायचं? ते तेवढं सांगा."

शिवाक्का गुडघ्यांवर हात रेटून उठल्या, फाटकापाशी गेल्या आणि कडी काढून ते सताड उघडलं. बाहेर विरूपाक्ष गाडीत बसून होते.

"अजून ऊन आहे, पाऊस लागायचाय, बाई," त्या म्हणाल्या. "इथं कशाला बसलीस?"